हरलेल्या पोरी कुठल्या पानावर?

गेले तीन शनिवार मी एका एक्सेल शीटशी मारामारी करतोय. ऑफिसचं काम नाही, हौसेचं आहे. डब्लिनमध्ये माझ्या घरापासून दहा मिनिटांवर एक गेलिक खेळांचा क्लब आहे. (नाव सांगत नाही. मंडळी प्रेमळ आहेत, उगाच वाईट वाटून घेतील.) लहान मुलामुलींच्या स्पर्धांमधल्या क्लबच्या इतिहासाची त्यांना स्मरणिका काढायचीय. "तू सॉफ्टवेअरवाला ना? मग तक्ते तूच कर," या जगन्मान्य न्यायाने काम माझ्या गळ्यात पडलं.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हर्लिंग म्हणजे विटीदांडूचा हात, हॉकीची काठी आणि फुटबॉलची धावपळ एकत्र केली तर जे होईल ते. एका बाजूला पंधरा जण, हातात ॲश लाकडाची पसरट टोकाची काठी, आणि चेंडू बहुतेक वेळ हवेत. चेंडू आडव्या दांडीवरून गेला की एक पॉइंट, खाली जाळ्यात गेला की तीन. २०१० पासून सगळ्यांना हेल्मेट सक्तीचं आहे, आणि एकदा सामना बघितलात तर आधी का नव्हतं हाच प्रश्न पडेल. बायकांच्या हर्लिंगला कमोगी म्हणतात. २०१८ मध्ये युनेस्कोने या खेळाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

मुलांच्या स्पर्धांमध्ये सगळ्यात मानाची 'फेले ना न्गेल'. १९७१ मध्ये टिपरेरीत सुरू झाली, मूळची चौदा वर्षांखालच्यांची. पुढे त्यात कमोगीही आली. हिची खरी गंमत दोन गोष्टींत होती. एक म्हणजे संघांच्या ताकदीप्रमाणे गट, त्यामुळे छोट्या गावातला क्लबही आपल्या जोडीच्या क्लबाशी खेळायचा. आणि दुसरी, पाहुण्या संघातली पोरं यजमान क्लबच्या कुटुंबांमध्ये राहायची. तेरा वर्षांचं पोर, अनोळखी घर, अनोळखी मावशीच्या हातचा नाश्ता, आणि सकाळी त्याच घरातल्या पोराविरुद्ध मॅच!

आता माझ्या शीटकडे या. मला मिळालेल्या तक्त्याचे रकाने असे: साल, गट, कोणता कप. बास. मुलं जिंकली त्या वर्षांची ओळ भरलेली, कॅप्टनच्या नावासकट. हरली ती वर्षं गायब. आणि कमोगी? सत्तरच्या दशकापासून आजपर्यंत मिळून चार ओळी. त्यातल्या दोन ओळींत कॅप्टनचं नाव नाही.

आम्हा डेटाबेसवाल्यांना पहिल्या आठवड्यात शिकवतात की शून्य वेगळं आणि 'नल' वेगळं. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. नल म्हणजे कुणी मोजलंच नाही. क्लबमधले ज्येष्ठ मला सांगत होते, "मुलींनी तेव्हा विशेष काही केलं नाही." अहो, हे शून्य नाही, हे नल आहे!

हे नल आलं कुठून? कुणाच्या दुष्टपणातून नाही, रचनेतून आलं. पुरुषांची संघटना जीएए १८८४ मध्ये थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात स्थापन झाली. कमोगीची संघटना १९०४ ची, वेगळी. मैदान एक, गाव एक, आडनावं एक, पण दप्तरं दोन. मुलांच्या क्लबचं दप्तर क्लबच्या कपाटात राहिलं. मुलींचं कुणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये, आणि घर बदललं की रद्दीत. १९९९ पर्यंत कमोगीचा संघ बाराच जणींचा होता. शॉर्ट्स घालून खेळायला परवानगी मिळायला मे २०२५ उजाडावा लागला. तोवर स्कॉर्ट, म्हणजे चड्डीवर स्कर्टचा पडदा, सक्तीचा होता, आणि त्याच महिन्यात डब्लिन-किल्केनीच्या खेळाडू शॉर्ट्स घालून मैदानात आल्या तर त्यांना बदलून यायला लावलं होतं. आता माजी राष्ट्राध्यक्षा मेरी मॅकअ‍ॅलीस यांच्या नेतृत्वाखाली संघटना एकत्र आणायचं काम चालू आहे, २०२७ चं लक्ष्य ठेवून. चांगलंच आहे. पण संघटना जुळल्या म्हणून जुने तक्ते आपोआप जुळत नाहीत. ते कुणीतरी बसून भरावे लागतात.

मागच्या शनिवारी मी मैदानावर चुन्याच्या रेघा मारणाऱ्या बाईंशी बोलत होतो. दहा वर्षांखालच्या पोरींना त्याच शिकवतात. सहज विचारलं, तुम्ही फेलेला गेला होतात का? म्हणाल्या, "गेलो होतो की. तीन सामने, तिन्ही हरलो. एकात तर एकसुद्धा पॉइंट नाही." आणि मग वीस मिनिटं त्या घराबद्दल बोलत राहिल्या. मुलीची खोली त्यांना दिली होती आणि ती मुलगी सोफ्यावर झोपली. तिच्याशी अजून नाताळात कार्डांची देवाणघेवाण होते. आज त्यांची स्वतःची मुलगी याच मैदानावर खेळते.

बाईंचं नाव माझ्या शीटमध्ये नाही. त्या वर्षाची ओळच नाही. ज्या वर्षीच्या संघाने कप आणला त्यातले किती जण आज इथे पावसात रेघा मारतात, हे विचारायचा मोह मी आवरला. :-)

यावर मला मिळालेलं उत्तर असं: "अरे, हरलेल्यांची यादी कोण वाचणार? आणि स्पर्धा म्हटली की जिंकणं आलंच." मला जिंकण्याशी भांडण नाही. कप जरूर छापा, पानभर छापा. पण याच खेळात बारा वर्षांखालच्यांसाठी 'गो गेम्स' आहेत, तिथे प्रत्येक पोर पूर्ण वेळ खेळतं, अंतिम सामना नाही, कप नाही. तरी शनिवारी सकाळी पोरं चिखलात येतातच की! म्हणजे बाराव्या वर्षापर्यंत आपण त्यांना सांगतो, तू आलीस हे महत्त्वाचं. आणि पन्नाशीला स्मरणिकेत सांगतो, तू आली होतीस हे आम्हाला आठवत नाही. हा कुठला न्याय? आणि हरलेल्यांची यादी कोण वाचणार? त्या स्वतः वाचतील. त्यांच्या मुली वाचतील. कपाचं पान तर सगळ्यांना पाठच आहे.

माझ्या शाळेत ऑफिसबाहेर एक लाकडी फळा होता, सोनेरी अक्षरांत मेरिटवाल्यांची नावं. दहा वर्षं मी त्याच्यासमोरून गेलो. शाळा म्हणजे ती बावीस नावं आणि बाकी आम्ही हजारो जण म्हणजे गर्दी, असंच वाटायचं. ते इथे येऊन पुन्हा टाईप करायची माझी इच्छा नाही.

म्हणून मी तक्ता बदलला. प्रत्येक वर्षाला ओळ. संघ गेला का, मुलांचा, मुलींचा. कोण खेळलं. कुणाच्या घरी राहिले, आपल्याकडे कोण राहिलं. निकाल शेवटच्या रकान्यात. माहिती नसेल तिथे रिकामी चौकट, आणि खाली एक ओळ: "तुम्हाला आठवत असेल तर पेनने भरा." समितीतले एक जण म्हणाले, रिकाम्या चौकटी छापणं बरं दिसत नाही. मी म्हटलं, दिसू नयेच.

असो. मसुदा उद्या समितीपुढे आहे. पास नाही झाला तर चार कपांची चकचकीत स्मरणिका दुसऱ्या कुणीतरी करावी. बाईंची ओळ मात्र मी भरून ठेवली आहे: तीन सामने, तीन पराभव, एक मैत्रीण.