जोगेश्वरीचे गाळे : प्रश्न मांडणीचा

केंद्र सरकारच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाने १० मार्च २०२३ रोजी ‘लीन’ योजना नव्या स्वरूपात सुरू केली. लहान कारखान्यांतील वेळेची व मालाची नासाडी कमी व्हावी, यासाठी लागणाऱ्या सल्लागाराच्या खर्चापैकी ९० टक्के भार सरकारने उचलायचा, अशी ही तरतूद. त्यानंतर तीनच दिवसांनी जोगेश्वरी पश्चिमेला रिलीफ रोडवरील फर्निचरच्या गोदामांना मोठी आग लागली. ११ फेब्रुवारी २०२५ रोजी ओशिवरा फर्निचर बाजार पुन्हा पेटला. वरवर पाहता योजनेचा आणि आगीचा संबंध नाही. आग कशाने लागते हा तपासाचा भाग. मात्र लागलेली आग किती वेगाने पसरते, हे बऱ्याच अंशी आतल्या मांडणीवर ठरते. आणि ‘लीन’चा आरंभही मांडणीपासूनच होतो.

फर्निचरच्या लहान गाळ्याला बहुधा एकच दार असते. प्लायवूड त्याच दाराने आत येते आणि तयार कपाटही त्याच दाराने बाहेर पडते. मध्ये कापणी, रंधा, जोडणी, घासकाम, पॉलिश आणि सोफा असेल तर फोम व कापड चढवणे. यंत्रे जागा मिळाली तशी बसवलेली असतात. त्यामुळे एकच फळी दारातून मागे, मागून पुढे, पोटमाळ्यावर आणि पुन्हा खाली अशी फिरत राहते. टोयोटाचे ताइची ओनो यांनी नासाडीचे जे सात प्रकार सांगितले, त्यांत मालाची अनावश्यक वाहतूक आणि माणसांची अनावश्यक हालचाल हे दोन स्वतंत्र प्रकार आहेत. फळीचा प्रवास कागदावर रेषेने काढला तर हे दोन्ही दिसतात. त्याला सल्लागारही लागत नाही, पेन्सिल पुरते.

एका दाराच्या जागेसाठी उत्पादनशास्त्रात इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराची मांडणी सुचवली जाते. डाव्या भिंतीने कापणी व रंधा, मागच्या भिंतीशी जोडणी, उजव्या भिंतीने परतताना घासकाम आणि दारापाशी पॉलिश. मधली वाट मोकळी राहते, माल उलटा फिरत नाही. गणित चोख आहे. पण ते गाळ्यात उतरवताना एक अडचण उभी राहते. पॉलिशचे थिनर हा गाळ्यातील सर्वांत ज्वलनशील पदार्थ. तो एकमेव दाराशी पेटला तर आतल्या कारागिरांना बाहेर पडायची वाटच उरत नाही. पॉलिश मागे न्यावे तर वाफ कोंडते आणि लाकडाचा भुसा शेजारी येतो. भुशाचे कण ओल्या पॉलिशवर बसून काम बिघडते ते वेगळेच. म्हणजे कार्यक्षमता आणि सुरक्षितता यांचा मेळ गाळ्याच्या चार भिंतींत बसत नाही.

उत्तर गाळ्याबाहेर आहे. पॉलिश सर्वांनी मिळून एका वेगळ्या, हवेशीर आणि अग्निरोधक जागेत करावे. थिनरचा साठाही तेथेच ठेवावा. केंद्राच्या समूह विकास योजनेत अशा ‘सामाईक सुविधा केंद्रा’साठी अनुदानाची सोय आहे. परंतु अनुदानासाठी उद्योजकांची नोंदणीकृत संस्था लागते, आणि मुख्य म्हणजे जागा लागते. उपनगरात जमिनीचा भाव वाढत असताना, भाड्याच्या गाळ्यातील व्यावसायिकाला पुढल्या वर्षी आपण येथे असू की नाही याचीच शाश्वती नसते. अशा माणसाने यंत्रे उखडून नव्याने बसवण्याचा खर्च का करावा? मांडणी बदलण्याचा लाभ महिन्यांनी आणि वर्षांनी मिळतो. भाडेकराराची मुदत त्याहून आखूड असते.

म्हणूनच ९० टक्के सल्लाखर्च हा प्रश्नाचा लहान भाग ठरतो. सल्ला देणारा मिळेल. तो अमलात आणायला दहा वर्षांचा करार आणि पॉलिशपुरती सामाईक शेड देण्याचे काम मात्र उद्योग मंत्रालयाच्या नव्हे, महापालिका, राज्य सरकार आणि जागामालक यांच्या हाती आहे.