ऑफिसच्या वायफायवर तुमचं वेबपेज तुमच्याआधी कोण वाचतं?

ऑफिसच्या नेटवर्कवर फाईल डाऊनलोड करायला गेलं की कधीकधी 'ही फाईल ब्लॉक केली आहे' असा मेसेज येतो. ती वेबसाइटने ब्लॉक केलेली नसते. मग कोणी केली?

मध्ये कोण असतं?

मोठ्या नेटवर्कमध्ये तुमचा ब्राउझर आणि वेबसाइट यांच्या मध्ये प्रॉक्सी सर्व्हर असतो. अनेक ठिकाणी तो स्वतः व्हायरस शोधत नाही, फाईल तपासायला दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवतो. या दोघांनी एकमेकांशी कसं बोलायचं, हे ठरवणारा प्रोटोकॉल म्हणजे आयकॅप. तो 2003 मध्ये आरएफसी 3507 म्हणून प्रसिद्ध झाला.

प्रत्येक फाईल पूर्ण पाठवली तर नेट रखडेल. म्हणून आयकॅपमध्ये 'प्रिव्ह्यू'ची सोय आहे. आधी फक्त सुरुवातीचा तुकडा जातो. त्यात काही बदलायची गरज नसेल, तर सर्व्हर '204' हा कोड पाठवतो. म्हणजे, आहे तसं पुढे जाऊ दे.

मग वाद कशाचा?

जो सर्व्हर पान तपासतो, तो ते बदलूही शकतो. मजकूर गाळणं, जाहिरात घालणं, सगळं शक्य आहे. त्यामुळे 2002 मध्येच इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाने बजावलं होतं की, अशा सेवेला वापरकर्ता किंवा वेबसाइट यांपैकी किमान एकाची स्पष्ट संमती हवी.

पण आयकॅप त्याआधीच तयार झाला होता आणि सर्रास वापरात होता. या मुद्द्यांची उत्तरं त्यात नाहीत, अशी नोंद खुद्द आरएफसी 3507 मध्येच आहे. शिवाय प्रॉक्सी आणि तपासणी सर्व्हरमधला संवाद मुळात एन्क्रिप्टेड नसतो. ती सोय वेगळी करावी लागते.

एचटीटीपीएस असताना हे शक्य आहे?

एरवी नाही. पण कंपनीच्या लॅपटॉपमध्ये कंपनीचं रूट सर्टिफिकेट टाकलेलं असेल, तर प्रॉक्सी ते कुलूप उघडू शकतो. मग बँकेचं पान असो की खासगी ईमेल, ते तपासणीला जाऊ शकतं.

भारताच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं कलम 7 कंपनीला नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्याचा डेटा संमतीशिवाय वापरण्याची मुभा देतं. म्हणजे 2002 मधला संमतीचा प्रश्न इथे कर्मचाऱ्यासाठी अजून सुटलेला नाही.

तुम्ही काय करू शकता?

ब्राउझरमध्ये वेबसाइटच्या पत्त्याशेजारच्या चिन्हावर क्लिक करून सर्टिफिकेट कोणी दिलंय ते बघा. तिथे तुमच्या कंपनीचं किंवा एखाद्या सिक्युरिटी प्रॉडक्टचं नाव दिसलं, तर कुलूप मध्येच उघडलं जातंय. अशा वेळी बँकेची कामं स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या डेटावर केलेली बरी.