निकालाच्या आधीची वही

एप्रिलचा शेवटचा आठवडा शाळेत मोठा विचित्र असतो. पेपर संपलेले असतात आणि शिक्षक निकालपत्रकांत मान खाली घालून बसलेले असतात. मुलांना नवं काही शिकवायचं उरलेलं नसतं. 1 मे ला झेंडावंदन झालं, निकाल हातात पडला, की पोरं उधळतात ती थेट जूनच्या मध्यापर्यंत. हे मधले मोकळे दिवस मला फार मोलाचे वाटतात. या दिवसांत प्रत्येक मुलानं आपल्या सरत्या वर्षाची एक वही स्वतःच्या हातानं करावी, असं मी इंदापूर-बारामतीकडच्या शिक्षकांना आणि आईवडिलांना आवर्जून सांगते.

त्यातही पळसदेवच्या मुलांनी तर ती करावीच. जुनं पळसदेव उजनी धरणाच्या पाण्यात गेलं. 1980 मध्ये पूर्ण झालेल्या भीमेवरच्या या धरणासाठी गाव उठलं आणि सोलापूर महामार्गाच्या बाजूला नव्यानं वसलं. पळसनाथाचं जुनं मंदिर मात्र आपल्या जागी उभं राहिलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्याचं शिखर वर येतं आणि 2024 सारख्या कोरड्या वर्षी सगळं मंदिरच उघडं पडतं. मग लांबून लोक येतात, होडीतून जातात, दगडी भिंती, शिखराचं विटांचं काम आणि वीरगळी पाहून थक्क होतात.

मंदिर दगडाचं होतं म्हणून टिकलं. मातीच्या घरांचं तसं नाही. चावडीसमोर कोण बसायचं, नदीवर कोणत्या वाटेनं उतरायचं, शाळेची घंटा कशाची होती, हे सांगायला आता फक्त माणसं आहेत. गाव उठलं तेव्हा दहा वर्षांची असलेली मुलंसुद्धा आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. थोरामोठ्या वास्तूंची नोंद कुणी ना कुणी घेतं. रोजच्या जगण्याची नोंद ज्याची त्यानंच ठेवावी लागते, आणि ती सवय लहानपणीच लागते.

आपल्या शाळांत मुलांविषयी लिहिलं खूप जातं. 2010 मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हापासून गुरुजी आणि बाई प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी करतात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्तणुकीचाही रकाना असतो. हे सगळं मोठ्यांनी मुलांबद्दल लिहिलेलं. आपलं वर्ष कसं गेलं हे मुलानं स्वतः सांगावं, यासाठी फारशी जागा नसते. ती जागा या वहीत आहे.

तिला खर्च काही नाही. वर्षभराच्या वह्यांत शेवटची कोरी पानं राहतातच. ती फाडून एकत्र करायची, दुमडायची, दाभणानं भोकं पाडून जाड दोऱ्यानं शिवायची. किराणा दुकानातल्या खोक्याचा पुठ्ठा वरून लावायचा. डिंक नसेल तर घरी कणकेची खळ शिजवता येते. तयार छापील पुस्तिका विकत आणू नका. तिच्यातल्या फुलाफुलांच्या चौकटी आधीच इतक्या भरलेल्या असतात की मुलाला लिहायला धीर होत नाही.

खरी मेहनत प्रश्नांवर करायची असते. ‘शाळा का आवडते?’ असं विचारलं की चाळीस मुलं निबंधाच्या पुस्तकातली एकच चार वाक्यं लिहून देतात. त्याऐवजी विचारावं, मधल्या सुट्टीत तू कुठे बसतोस? खिचडीच्या रांगेत तुझ्या पुढे कोण असतं? वर्गातला कोणता आवाज डोळे मिटून ओळखता येतो? यंदा कुणाशी भांडलीस आणि पुन्हा कशी बोललीस? घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेचा नकाशा काढ, त्यात कुत्रं अंगावर येतं ती जागाही दाखव. अशा प्रश्नांवर लिहायला नको म्हणणारी मुलंही खाली वाकून लिहू लागतात. कुणाच्या पानावर जाळ्यात सापडलेली चिलापी येते, कुणाच्या पानावर उथळ पाण्यात उभे असलेले रोहित पक्षी येतात, कुणी ऊस भरलेल्या ट्रॅक्टरच्या मागे धावलेलं असतं.

एक पान आजी-आजोबांसाठी राखावं. त्यांनी जुन्या गावातलं आपलं घर, वाडा, आड, देऊळ बोटानं दाखवावं आणि नातवंडानं ते कागदावर उतरवावं. रेघा वाकड्या आल्या तरी चालतील. पाच-सात घरांतले असे नकाशे शेजारी ठेवले, तर बुडालेल्या आळीचा नकाशा तयार होईल.

आणि काही मुलांसाठी एप्रिलपर्यंत थांबायचं नाही. बीड-अहिल्यानगरकडून ऊसतोडीला आलेल्या टोळ्यांची लेकरं हंगामात इथल्या वर्गांत बसतात. त्यांचं वर्ष कारखान्याच्या पट्ट्यावर, म्हणजे गाळपाचा हंगाम संपेल तेव्हा, संपतं. पट्टा पडला की कोपी मोडायची, गाडी भरायची आणि निघायचं, मग परीक्षा पुढे असो वा नसो. त्यांची वही फेब्रुवारीतच शिवून व्हावी. तिच्यात घरी बोलली जाणारी भाषा यावी, मग ती बीडकडची मराठी असो की बंजाऱ्यांची गोरमाटी. इथल्या सोबत्यांनी त्यात आपापलं एकेक पान लिहून द्यावं. दरवर्षी नव्या शाळेत नव्यानं ओळख सांगावी लागणाऱ्या लेकराला हा आधार मोठा आहे.

साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं दैनिक हातानं लिहून काढत. मराठी शाळांतली हस्तलिखितांची परंपरा अशी थोर आहे. पण हस्तलिखितात बहुधा निवडक मुलांचं सुवाच्य लेखन येतं. या वहीत ज्याला जोडाक्षरं जमत नाहीत त्याचंही वर्ष पुरतं मावलं पाहिजे. लिहिता येत नसेल तिथे त्यानं सांगावं आणि बाईंनी त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यावं.

म्हणून शिक्षकांना तीन विनंत्या आहेत. या वहीवर लाल शाई चालवू नका. ‘मी पडलो तवा सर पळत आले’ हे वाक्य जसं आहे तसंच राहू द्या. वाईट दिवसांची पानं फाडायला लावू नका, कारण मूल ज्या वर्षी रडलं तेही त्याचंच वर्ष आहे. आणि वह्या गोळा करून प्रदर्शनासाठी शाळेच्या कपाटात ठेवू नका. निकालाच्या दिवशी प्रगतिपुस्तकासोबत ती मुलाच्या हातात द्या. प्रगतिपुस्तक घरी सगळे बघतील. ही वही कुणाला दाखवायची आणि कुणाला नाही, हे मुलाला ठरवू द्या.