चाचणी घेणाऱ्या यंत्रांची चाचणी कोण घेणार?

तुये येथील इलेक्ट्रॉनिक वस्तुनिर्मिती समूह असो वा वेर्ण्याची औद्योगिक वसाहत, गोव्यात या उद्योगाची चर्चा निघाली की जमीन, वीज आणि रोजगार हे विषय हमखास येतात. चाचणी प्रयोगशाळेचा विषय निघालाच, तर तो यंत्रखरेदीपाशी थांबतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून 'सी' आणि 'डी' या अधिक जोखमीच्या वर्गांतील वैद्यकीय उपकरणांनाही परवाना अनिवार्य झाला. तेव्हापासून चाचणी अहवालाचे वजन वाढले आहे. म्हणूनच तो अहवाल देणाऱ्या यंत्रांच्या प्रकृतीकडे पाहणे आवश्यक ठरते.

यातील एक महत्त्वाची चाचणी विद्युतचुंबकीय सुसंगततेची. उपकरणाने आपल्या लहरींनी शेजाऱ्याला उपद्रव देऊ नये आणि शेजाऱ्याच्या लहरींनी स्वतः बिथरू नये, एवढाच तिचा अर्थ. १९९० च्या दशकात अमेरिकेत विजेवर चालणाऱ्या चाकांच्या खुर्च्या रेडिओलहरींमुळे आपोआप हलल्याच्या तक्रारी तेथील अन्न व औषध प्रशासनाकडे आल्या होत्या. रुग्ण त्या खुर्चीत बसलेला असतो, हे ध्यानात घेतले की या रूक्ष वाटणाऱ्या विषयाचे गांभीर्य कळते.

उपकरणातून बाहेर पडणाऱ्या लहरी मोजताना अँटेना, केबल, प्रवर्धक आणि रिसीव्हर अशी साखळी असते. घरगुती वापराच्या संगणकासारख्या वस्तूंसाठी ३० ते २३० मेगाहर्ट्झ पट्ट्यात १० मीटर अंतरावरची मर्यादा ३० डेसिबल, म्हणजे मीटरमागे जेमतेम ३२ मायक्रोव्होल्ट इतकी सूक्ष्म आहे. रोज वाकवली जाणारी केबल आतून झिजते, जोडणीचे टोक सैल होते, प्रवर्धक एखाद्या जोरकस संकेताने अर्धमेला होतो. समजा, अशाने ३ डेसिबल संकेत वाटेतच गळाला. मग मर्यादेच्या २ डेसिबल वर असलेली वस्तू कागदावर मर्यादेच्या १ डेसिबल खाली दिसते. ती उत्तीर्ण होते.

खरी मेख येथेच आहे. चाचणीखोलीच्या दाराची धातूची पट्टी खाऱ्या, दमट हवेने गंजली, तर बाहेरची एफएम केंद्रे आत डोकावतात आणि रिकाम्या खोलीच्या मापनातही ती चटकन दिसतात. असा दोष स्वतःच ओरडतो. झिजलेली केबल मात्र सर्वांच्या सोयीचे उत्तर देते. उत्पादक खूश, प्रयोगशाळा निर्धास्त. आमची वस्तू उत्तीर्ण कशी झाली, अशी तक्रार घेऊन आजवर कोणता कारखानदार आला असेल?

स्थिर विजेचा झटका देणाऱ्या 'गन'चेही तेच. आंतरराष्ट्रीय मानकानुसार ४ किलोव्होल्टच्या स्पर्शविसर्गात पहिला प्रवाह १५ अँपिअरपर्यंत, तोही ०.८ नॅनोसेकंदांच्या आसपास, चढला पाहिजे. गन दुबळी झाली की कच्ची वस्तूही टिकते. शिवाय हवेतून होणाऱ्या विसर्गासाठी आर्द्रता ३० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान हवी. आपल्या पावसाळ्यात ती बाहेर ८० च्या वर सहज जाते. म्हणजे हवा कोरडी ठेवणारे यंत्र आणि आर्द्रतामापक हीदेखील चाचणीचीच साधने ठरतात.

वर्षातून एकदा केलेले कॅलिब्रेशन हा यावर पुरेसा उपाय नाही. त्या प्रमाणपत्रावरून त्या दिवशीची स्थिती कळते. प्रयोगशाळांसाठीचे २०१७ चे १७०२५ हे मानक आवश्यक तेथे मधल्या काळातील पडताळणी मागते, ती यासाठीच. पद्धत साधी आहे. ठरावीक लहरी सोडणारा बॅटरीवरचा छोटा स्रोत रोज सकाळी त्याच जागी, त्याच उंचीवर ठेवायचा, संपूर्ण साखळीतून मापन घ्यायचे आणि कालच्या आलेखावर आजचा आलेख ठेवून पाहायचा. आलेख हळूहळू खाली सरकू लागला, की केबल बदलण्याची वेळ आली.

दोष सापडल्यावर काय, हा प्रश्न अधिक अवघड. यंत्र वापरातून काढावे आणि आधीच्या निकालांवर काय परिणाम झाला ते तपासावे, असे मानक सांगते. पडताळणी रोज होत असेल, तर संशय एका दिवसाच्या अहवालांवर येतो; वार्षिक असेल, तर वर्षभराच्या. अनेक ग्राहकांना एकदम 'तुमचा अहवाल पुन्हा पाहावा लागेल' असे कळवण्याचे धैर्य किती व्यवस्थापक दाखवतील, याविषयी शंका घेण्यास जागा आहे. दोष लवकर शोधणे हे म्हणूनच प्रामाणिकपणाइतकेच व्यवहाराचेही शहाणपण आहे.

सार्वजनिक पैशातून प्रयोगशाळा उभारताना यंत्रांची किंमत निविदेत ठळक असते. केबल, जोडणीची टोके, दाराच्या पट्ट्या, पडताळणीचा राखीव स्रोत आणि रोजची नोंदवही ठेवणारा तंत्रज्ञ यांना मात्र उद्घाटनाची फीत लाभत नाही. राज्यात अशी सुविधा आणण्याचा प्रस्ताव कोणीही मांडो, पहिल्या वर्षानंतरच्या देखभालीची तरतूद किती आणि पडताळणीच्या नोंदी ग्राहकाला पाहता येतील का, हे दोन प्रश्न उद्योजकांनी निविदा निघण्यापूर्वीच विचारायला हवेत.