अडविलेल्या मालाचा जाब कोणी द्यावयाचा?

नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून विमाने उडू लागली. रायगड जिल्ह्याच्या दृष्टीने ही लहानसहान घटना नव्हे. न्हावाशेव्याचे बंदर १९८९ पासून जिल्ह्यात आहेच. आता आकाशमार्गाचा दरवाजाही आपल्याच अंगणात उघडला आहे. या विमानतळाविषयी आजवर जे लिहिले-बोलले गेले ते बहुतेक जमिनीचे भाव, नोकऱ्या आणि नामकरण यांपुरते होते. नागावसारख्या नारळी-पोफळीच्या गावातही पारावरची चर्चा याच तीन विषयांभोवती घुटमळते. तेथून माल किती जाईल याचा विचार क्वचित होतो. आणि त्या मालाची छाननी कोण व कशी करणार, हा प्रश्न तर कोणाच्या गावीही नाही. ही छाननी माणसाच्या हातून निघून झपाट्याने संगणकाच्या हाती चालली आहे. म्हणून तिचा विचार वेळीच व्हावयास हवा.

विमानाने माल पाठविणाऱ्यास मुख्यतः दोन गोष्टींचा खुलासा करावा लागतो. माल कोणता, आणि तो कोणाकडून कोणाकडे चालला आहे. पहिल्या प्रश्नासाठी नियंत्रित मालाच्या याद्या असतात. आपल्या देशात ‘स्कोमेट’ या नावाने ओळखली जाणारी यादी आहे. तीत विशिष्ट रसायने, जीवाणू, यंत्रसामग्री आणि तंत्रज्ञान यांचा समावेश होतो. दुसऱ्या प्रश्नासाठी निर्बंधित व्यक्ती व संस्थांच्या याद्या असतात. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १९९९ च्या ठरावाने सुरू केलेली यादी आपल्यावर बंधनकारक आहे. अमेरिकेच्या अर्थखात्याची आणि युरोपीय संघाची यादी कायद्याने आपल्यावर बंधनकारक नाही. परंतु विमान कंपन्या, विमा कंपन्या आणि बँका त्या पाळतात, आणि म्हणून व्यवहारात आपल्यालाही त्या पाळाव्या लागतात. पूर्वी हे काम कारकून डोळ्यांनी करीत असे. आता मालाच्या कागदपत्रांतील प्रत्येक शब्द आणि प्रत्येक नाव क्षणार्धात या याद्यांशी ताडून पाहिले जाते.

हा बदल निष्कारण झालेला नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये येमेनमधून शिकागोच्या पत्त्यावर निघालेल्या दोन पार्सलांत, छपाई यंत्राच्या शाईच्या डब्यांत दडविलेले बॉम्ब दुबई व इंग्लंड येथे सापडले. त्यानंतर माल विमानात चढण्यापूर्वीच त्याची माहिती संगणकावरून मागविण्याची प्रथा पडली. अमेरिकेने ती २०१८ मध्ये सक्तीची केली. युरोपने सर्वसाधारण हवाई मालासाठी २०२३ मध्ये. त्याच २०१० च्या सप्टेंबरात दुबईहून निघालेले एक मालवाहू विमान लिथियम बॅटऱ्यांच्या मालास आग लागून कोसळले आणि दोन्ही वैमानिक प्राणास मुकले. आपल्या सीमाशुल्क खात्याने २००५ पासून जोखीम ठरविण्याचे काम संगणकाकडे सोपविण्यास प्रारंभ केला. धोक्याचा माल विमानात जाऊ नये याविषयी कोणा शहाण्या माणसाचे दुमत असणार नाही.

यंत्राच्या बाजूने आणखीही एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती रायगडच्या माणसाने तर विसरूच नये. १९९३ च्या जानेवारीत दिघीला आणि फेब्रुवारीत शेखाडीला जी शस्त्रे व स्फोटके उतरली, ती यादीत नाव नव्हते म्हणून सुटली नाहीत. ती वाट मोकळी करून देणारी माणसे सीमाशुल्क आणि पोलीस खात्यांतच होती व त्यांपैकी काही पुढे न्यायालयात दोषी ठरली. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसे मेली. यंत्र लाच खात नाही. त्याला साहेबाचा निरोप पोचत नाही. मात्र हेही ध्यानात ठेवावे, की शेखाडीच्या मालाला कागदच नव्हता. आणि ज्याला कागद नाही तो माल कागद वाचणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो. यंत्राच्या चाळणीत सापडतो तो मुख्यतः रीतसर कागद भरून येणारा माणूस.

याद्या आणि परवाने यांची आपल्या किनाऱ्याला सवय नवी नाही. नागावहून दक्षिणेस काही मैलांवर चौल-रेवदंडा आहे. सोळाव्या शतकात तेथे पाय रोवलेल्या पोर्तुगिजांनी ‘कार्ताझ’ नावाचा परवाना घेतल्याशिवाय कोणाचेही जहाज समुद्रात फिरू द्यावयाचे नाही असा दंडक घातला होता. जहाजात काय आहे, ते कोठे चालले, नाखवा कोण, हे सारे त्यात लिहिलेले असे. मिरीसारखा माल वर्ज्य असे आणि परवाना नसेल तर जहाज जप्त होई. पुढे कुलाब्याहून कान्होजी आंग्रे दस्तके देऊ लागले, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी त्यांना चाचे ठरविले. यादी कोणी करावयाची हा प्रश्न मुळात सत्तेचा आहे, हे या किनाऱ्याने तीनशे वर्षांपूर्वी पाहिले आहे.

अलीकडचे उदाहरण हवे असेल तर मुंबईतच आहे. पोखरणच्या अणुचाचणीनंतर १९९८ मध्ये अमेरिकेने ज्या भारतीय संस्थांना आपल्या निर्बंधयादीत घातले, त्यांत ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र होते. ते त्या यादीतून बाहेर पडले जानेवारी २०२५ मध्ये. म्हणजे सव्वीस वर्षे गेली. त्याआधी, १९८० च्या दशकात, हवा तसा क्रे महासंगणक अमेरिकेने दिला नाही. त्यातून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि १९९१ मध्ये ‘परम’ तयार झाला. एके काळी जो संगणक हाच नियंत्रित माल होता, तोच आज नियंत्रित मालाचा पहारेकरी झाला आहे. ही गंमत नजरेआड करण्याजोगी नाही.

आता हा पहारेकरी काम कसे करतो ते पाहू. मालाची ओळख तो शब्दांवरून आणि सांकेतिक क्रमांकांवरून पटवितो. रोहा, महाड, तळोजा, पाताळगंगा येथील कारखान्यांशी ज्यांचा संबंध येतो त्यांना ठाऊक आहे, की एकाच रसायनाला चार व्यापारी नावे असतात. ट्रायइथेनॉलअमाईन सौंदर्यप्रसाधनांत वापरतात. तेच रासायनिक अस्त्रांविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या तिसऱ्या परिशिष्टातही आहे. ते कोणाच्या हाती, किती प्रमाणात आणि कशासाठी चालले, यावर सारे अवलंबून. हे ओळखावयास रसायनशास्त्र आणि व्यवहार दोन्ही कळावे लागतात. उलट बाजूस, युरोपच्या नव्या पद्धतीत ‘सुटे भाग’ किंवा ‘किरकोळ माल’ असे मोघम वर्णन यंत्र स्वीकारीतच नाही. लेकीला पाठविलेल्या डब्यावर ‘खाऊ’ लिहून भागत नाही. लाडवालाही सहा आकडी क्रमांक लागतो.

नावांची गोष्ट याहून बिकट आहे. निर्बंधयादीत नावासोबत पुष्कळदा जन्मतारीख असते; विमानाच्या मालपत्रावर केवळ नाव आणि पत्ता. तेव्हा ताडून पाहावयास यंत्रापाशी मुख्यतः नावच उरते, आणि तेही रोमन लिपीतले. मोहम्मद हे एक नाव रोमन लिपीत किती परींनी लिहिता येते ते वाचकांनी स्वतःच लिहून पाहावे. उच्चारसाम्यावरून नावे जुळविण्याची जी पद्धत सर्वांत प्रसिद्ध आहे तिचे पेटंट १९१८ मध्ये अमेरिकेत निघाले. ती इंग्रजी उच्चारांसाठी रचलेली होती. नंतर पुष्कळ सुधारणा झाल्या, पण मूळ अडचण राहिलीच. मुरूड, म्हसळे, श्रीवर्धन या भागांतील कोकणी मुसलमान कुटुंबांचे आखाती देशांशी पिढ्यान्‌पिढ्यांचे येणेजाणे आहे. तीच ती नावे घराघरांत आहेत, आणि माल जातो तोही नेमका ज्या प्रदेशाकडे यंत्र अधिक संशयाने पाहते त्या प्रदेशाकडे. अशा माणसाचा माल वारंवार अडला तर त्यात कोणाचा दुष्ट हेतू नसेलही. परंतु ज्याचा माल अडतो त्याला हेतूशी काय कर्तव्य?

अमेरिकेतही हे घडले आहे. तेथील एका पतमापन संस्थेने केवळ नाव व आडनाव जुळविण्याच्या पद्धतीने ८,१८५ ग्राहकांच्या नोंदींवर ‘निर्बंधित व्यक्ती असण्याची शक्यता’ असा शेरा मारला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०२१ च्या निकालात, ज्यांच्याविषयीचा शेरा प्रत्यक्ष तिसऱ्या पक्षाकडे गेला त्या १,८५३ जणांनाच भरपाईसाठी दाद मागण्याचा अधिकार मान्य झाला. उरलेल्यांच्या कपाळीचा शेरा संस्थेच्या दप्तरातच राहिला होता, म्हणून त्यांची हानी झाली असे न्यायालयाने मानले नाही.

येथे थोडे अंकगणित करू. समजा, वर्षात एक लाख खेपा विमानाने जातात आणि त्यांतील दहाच खरोखर आक्षेपार्ह आहेत. यंत्र शंभरात नव्व्याण्णव वेळा बरोबर ठरते, असेही उदारपणे गृहीत धरू. मग त्या दहा बहुधा सर्व सापडतील. परंतु उरलेल्या ९९,९९० पैकी सुमारे हजार निर्दोष खेपाही अडतील. म्हणजे अडलेल्या दर शंभर खेपांत नव्व्याण्णव निर्दोष. वर्गात हे गणित मांडले की विद्यार्थ्यांना आधी खोटे वाटते. यंत्र जितके अचूक म्हणून सांगितले जाते, तितका त्याने अडविलेला माणूस अधिक दोषी वाटू लागतो, आणि गणित नेमके उलट सांगते. त्या हजार खेपा पुन्हा तपासणारा जो कारकून पडद्यासमोर बसतो, त्याचीही स्थिती समजून घ्यावी. चुकून सोडले तर नोकरी जाईल. चुकून अडविले तर कोणी विचारणार नाही. तो काय करील हे सांगावयास अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही.

कंपन्यांचेही तेच आहे. निर्बंध मोडल्यास अमेरिकेत जबर दंड होतो, आणि तेथील दिवाणी दंडासाठी हेतू सिद्ध व्हावा लागत नाही. निर्दोष माल अडविल्याबद्दल मात्र दंड नाही. तेव्हा चाळणी गरजेपेक्षा बारीक करणे हाच कंपनीचा फायदा. तिची किंमत देतो तो माल पाठविणारा. गुदामाचे भाडे त्याचे, बुडालेली मागणी त्याची. मोठा निर्यातदार कायदेसल्लागार बाळगतो. भौगोलिक मानांकन मिळालेला अलिबागचा पांढरा कांदा बाहेर धाडू पाहणारा लहान व्यापारी तो कोठून आणणार?

नाशवंत मालाचे काय होते हे मे २०२५ मध्ये दिसले. नवी मुंबईत विकिरण प्रक्रिया करून मुंबईहून विमानाने गेलेल्या आंब्याच्या पंधरा खेपा अमेरिकेतील विमानतळांवर अडविण्यात आल्या. आंब्यांत कीड सापडली नव्हती. प्रक्रियेच्या कागदपत्रांत त्रुटी असल्याचे कारण देण्यात आले. माल परत न्या किंवा तेथेच नष्ट करा, असे दोनच पर्याय होते. परत आणण्याचा खर्च आंब्याच्या किमतीहून अधिक, म्हणून निर्यातदारांनी तो नष्ट केला. नुकसान सुमारे पाच लाख डॉलर असल्याचे त्यांनी सांगितले. कागदातील त्रुटी दुरुस्त करता आली असती. आंबा थांबला नसता.

आपल्या कायद्यात याविषयी काय आहे? १९६२ च्या सीमाशुल्क अधिनियमाप्रमाणे माल जप्त करावयाचा तर अधिकाऱ्यापाशी सबळ कारण असावे लागते आणि सर्वसाधारणपणे सहा महिन्यांत नोटीस न दिल्यास माल परत करावा लागतो. ही मुदत फार लांब आहे, तरी मुदत आहे. परंतु यंत्राने नुसता ‘थांबविलेला’ माल जप्त झालेला नसतो. विमान कंपनीने किंवा दलालाने ‘छाननी चालू आहे’ असे सांगून ठेवलेल्या मालास तर या कलमाचे संरक्षणही नाही. न नकार, न होकार. कोणत्या यादीतील कोणत्या नावाशी आपले नाव जुळले हे पक्षकाराला कळत नाही, आणि विचारावे तर खिडकीवरचा माणूस पडद्याकडे बोट दाखवितो.

म्हणून यंत्र नको असे म्हणणे वेडेपणाचे ठरेल. मागणी वेगळीच करावयास हवी. माल अडविल्यापासून ठरावीक तासांत, आणि नाशवंत माल असल्यास त्याच दिवशी, कोणत्या यादीमुळे तो अडला ते लेखी कळवावे. त्या लेखावर एका अधिकाऱ्याची सही असावी. यंत्राचा शेरा हे कारण मानू नये. एकदा निर्दोष ठरलेल्या माणसाची नोंद ठेवावी, जेणेकरून त्याच नावासाठी त्याला दर खेपेस नव्याने उभे राहावे लागू नये. आणि माल निर्दोष निघाल्यास त्या काळातील गुदामभाडे अडविणाऱ्याने सोसावे. या शेवटच्या मागणीस सर्वांत अधिक विरोध होईल, आणि तिचाच परिणामही सर्वांत अधिक होईल. कारण चाळणी किती बारीक ठेवावी याचा हिशेब अडविणाऱ्याला तेव्हा प्रथमच करावा लागेल.

मुंबईच्या जुन्या मालसंकुलात वर्षानुवर्षांच्या रूढी हाडीमासी खिळल्या आहेत. तेथे हे सारे जड जाईल. नवी मुंबईच्या विमानतळावर त्या रूढी अद्याप पडावयाच्या आहेत. जिल्ह्याच्या खासदार-आमदारांनी आणि निर्यातदारांच्या संघटनांनी सीमाशुल्क आयुक्तांकडे हा विषय काढावयाचा असेल तर तो येत्या आंब्याच्या हंगामापूर्वी काढावा.