कौल घेणारा एक, कुदळ मारणारे अनेक

आपल्या मालवण किनाऱ्यावरच्या कुठल्याही वाडीत जा आणि विचारा, ही जमीन तुमच्याकडे कशी आली? उत्तर ठरलेले आहे. आजोबांची, त्यांच्या आजोबांची. "जमीन आमचीच आसा, जातली खंय?" असे म्हणून माणूस पुन्हा कामाला लागतो. पण त्या आजोबांच्या आजोबांना ती कोणी दिली, कोणत्या अटीवर दिली आणि कागद कोणाच्या नावाने झाला, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तो विचारण्याची वेळ आता आली आहे. आज सातबाऱ्यावर जो गुंता दिसतो, त्याचे मूळ त्या पहिल्या कागदातच आहे.

आपली जमीन काही देशावरच्या काळ्या मातीसारखी आयती नांगराखाली आलेली नाही. वर कातळ आणि जांभा, मध्ये डोंगर उताराची वरकस, खाली चिंचोळा मळा आणि त्याच्याही खाली भरतीचे पाणी. कालावल, कर्ली, आचरा या खाड्यांच्या काठचे खाजण भाताखाली आणायचे तर आधी बांध घालावा लागतो, उघाडी बसवावी लागते. मग काही पावसाळे मीठ धुवून निघाल्याशिवाय भात धड पोसत नाही. डोंगरात रान तोडायचे, राब भाजायचा, नाचणी-वरी घ्यायची. कातळाच्या खळग्यात टोपल्यांनी माती वाहून नेऊन तिथे माड उभा करायचा. एवढे कष्ट करायला माणूस उगीच कोण येईल? त्याला काहीतरी आश्वासन हवे. त्या आश्वासनाचेच नाव 'कौल'.

कौल म्हणजे राज्याने दिलेला शब्द. पडीक जमीन लागवडीला आणा, पहिली काही वर्षे सारा माफ किंवा नाममात्र, मग दर वर्षी थोडा थोडा चढत जाईल आणि ठरलेल्या मुदतीनंतर पूर्ण सारा द्यायचा. या चढत्या साऱ्याला 'इस्तावा' म्हणत. आजच्या भाषेत सांगायचे तर ही पडीक जमीन विकासाची योजनाच होती. फळबाग योजनेत जसे झाड जगले तरच पुढचा हप्ता मिळतो, तसेच इथे जमीन उठली तरच हक्क टिकत असे.

दक्षिण कोकणातले याचे उत्तम उदाहरण म्हणजे शिवाजी महाराजांनी 5 सप्टेंबर 1676 रोजी मामले प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना पाठविलेले पत्र. सुभेदाराने गावोगाव फिरावे, कुणबी गोळा करावेत, ज्याच्याजवळ माणूसबळ आहे पण बैल-नांगर नाही त्याला बैलासाठी पैसे द्यावेत, पोटाला धान्य द्यावे, आणि दिलेली रक्कम वाढीदिढी न घेता त्याला जमेल तशी वसूल करावी, असा त्यातला आशय आहे. यासाठी दोन लाख लारीपर्यंत खर्च झाला तरी चालेल, असेही त्यात म्हटले आहे. विस्तार कार्य, पीक कर्ज, बिनव्याजी मदत हे शब्द आपण अलीकडे शिकलो. काम मात्र तीनशे वर्षांहून जुने आहे. या पत्रात नजर आहे ती थेट कसणाऱ्या माणसावर, हे ध्यानात ठेवा.

पुढे मात्र सगळीकडे तसे राहिले नाही. राज्याला प्रत्येक कुणब्याशी हिशेब ठेवणे जड जाई. मग गावातल्या एका वजनदार माणसाला किंवा घराण्याला पुढे करायचे, त्याने गाव वसवायचा, सारा भरायचा, अशी रीत पडली. कुठे तो खोत झाला, कुठे गावकर, कुठे इनामदार. आपल्या आचऱ्याला तर इनामदार म्हणून प्रत्यक्ष श्री देव रामेश्वराचेच नाव घेतले जाते. तेरेखोलच्या पलीकडे गोव्यात पोर्तुगीजांनी 1526 साली गावकरीच्या रूढी लिहून काढल्या. त्यांतही गाव वसवून जमीन लागवडीखाली आणणारे ते गावकर, हाच पाया दिसतो. आपल्याकडे पालखीत, होळीत, जत्रेत कोणाचा नारळ पहिला यावरून आजही भांडणे होतात. मुळात तो तंटा नारळाचा नसतोच. गाव पहिल्यांदा कोणी वसविला याचा तो तंटा असतो.

पण कौल घेणारा एक आणि कुदळ मारणारे अनेक. खाजणाचा बांध काय एका घराण्याने घातला? कातळ काय एकट्याने फोडला? ज्यांनी घाम गाळला त्यांची नावे कौलात आली नाहीत. ते कूळ झाले. भातजमिनीत अर्धे पीक द्यायचे म्हणून 'अर्धेल', वरकसात तिसरा हिस्सा म्हणून 'तिरधेल'. नापिकीच्या सालीही खंडाचा तगादा चुकत नसे. जमीन ज्याने उठविली तोच तिच्यावर उपरा ठरला.

इंग्रजांनी 1812 साली कोल्हापूरकरांकडून मालवण आणि सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ले घेतले. त्यांनी मोजणी केली, नकाशे केले, रजिस्टरे बांधली. 1880 च्या खोती कायद्याने काही कुळांचा कायम हक्क मान्य झाला, पण खोताची मधली पायरी तशीच राहिली. याच शतकात अमेरिकेत काय चालले होते ते पाहण्यासारखे आहे. तिथल्या सरकारने 1862 साली कायदा केला की जो वसाहतकरी पाच वर्षे जमिनीवर राहील आणि ती कसेल, त्याला 160 एकर जमीन त्याच्याच नावाने मिळेल. ती जमीन मुळात तिथल्या आदिवासी जमातींकडून हिरावलेली होती, तो अन्याय विसरता येणार नाही. पण जमीन देण्याची तऱ्हा बघा. जो राहिला आणि कसला, त्याच्या स्वतःच्या नावाने कागद. आपल्याकडे कसला एक आणि कागद दुसऱ्याच्या नावाने.

तो कागद बदलून घ्यायला आपल्या लोकांना फार झगडावे लागले. अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 1933 ते 1939 अशी वर्षानुवर्षे शेती न करता संप चालविला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 साली मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी 1938 मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत काढला. स्वातंत्र्यानंतर 1948 चा कुळकायदा आला, 1949 चा खोती निर्मूलन कायदा आला. 1953 साली 'कौली' आणि 'कटुबान' म्हणजे ठरीव साऱ्याच्या जमिनींची धारापद्धतीही कायद्याने रद्द झाली. 1 एप्रिल 1957 हा 'कृषक दिन' ठरला. त्या दिवशी जमीन कसणारे कूळ कायद्याने मालक मानले गेले. कसेल त्याची जमीन हे नुसते घोषवाक्य राहिले नाही, तो कायदा झाला.

मग सगळ्यांना जमीन मिळाली का? नाही. ज्याचे नाव कूळ म्हणून दप्तरी होते त्याला मिळाली. ज्याने तोंडी बोलीवर, मालकाच्या शब्दावर विश्वास ठेवून पिढ्यान् पिढ्या कसली, पावती कधी घेतली नाही, त्याला स्वतःचे कूळपण सिद्ध करता करता कोर्टाची पायरी झिजवावी लागली. कायदा कष्टाच्या बाजूने होता, पण पुरावा त्याने कागदावरच मागितला.

याचा दुसरा नमुना आपल्याच जिल्ह्यात घाटमाथ्याला आहे. आंबोली, चौकुळ, गेळे ही तीन गावे. सावंतवाडी संस्थानच्या काळात इथल्या गावकऱ्यांनी कबुलायत लिहून देऊन जमिनी घेतल्या, म्हणून त्या 'कबुलायतदार गावकर' जमिनी. जमीन साऱ्या गावाची, पण कागदावर घरागणिक वेगळे नाव नाही. संस्थान 1948 मध्ये विलीन झाले, गावकरी कसत राहिले. आणि 1999 साली त्या जमिनींच्या सातबाऱ्यावर 'महाराष्ट्र शासन' असे नाव लागले. त्यानंतर ग्रामसभा, निवेदने, मोर्चे यांत कितीतरी वर्षे गेली. ज्यांच्या पूर्वजांनी रान तोडून गाव वसविला, त्यांनाच आपल्या जमिनीसाठी अर्ज करावे लागले. शासनाची चूक ती चूकच. जमीन कोण कसते याची जागेवर पाहणी करून घरागणिक नावे लावण्याचे काम आधी व्हायला हवे होते.

पण आता स्वतःकडेही बघूया. खोत गेला, संस्थान गेले, आणि आज सामायिक सातबाऱ्यावर आपणच तोच घोटाळा घालून ठेवला आहे. एका गुंठ्यावर चाळीस-पन्नास नावे. त्यातले अर्धे देवाघरी गेलेले. काहीजण मुंबईत, काही बडोद्यात, काहींचा पत्ताच नाही. गावात राहून काजू, आंबा सांभाळणारा एक, आणि त्याचे नाव उताऱ्यावर नाहीच. नाव आहे ते त्याच्या आजोबांचे.

याचे परिणाम काय होतात ते शेती खात्याच्या टेबलावर रोज दिसतात. 1990 पासून रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली आणि कोकणातले डोंगर काजू-आंब्याने हिरवे झाले. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 यांसारख्या चांगल्या काजू जाती दिल्या. कलम आहे, पाणी आहे, माणूस कष्टाला तयार आहे. पण अर्जाला सहहिस्सेदारांची संमती लागते आणि तिथे गाडे अडते. बँक कर्जाला नाव मागते. विम्याला नाव लागते. अवकाळीने मोहर गेला तर पंचनामा एकाचा आणि भरपाईचा वाद साऱ्या भावकीचा. मग माणूस कंटाळतो आणि जमीन पड टाकतो. जी जमीन पूर्वजांनी कौल घेऊन उठविली, ती पुन्हा रानात जाते.

याहून मोठा धोका दुसराच आहे. 1997 साली आपला जिल्हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला, 2021 मध्ये चिपीला विमान उतरू लागले. किनाऱ्यावरची आणि सडे-कातळावरची जमीन आता बाहेरच्यांच्या डोळ्यात भरली आहे. सामायिक जमिनीतला एखादा दूरचा हिस्सेदार आपला हिस्सा परस्पर विकतो, आणि गावात राहणाऱ्याला एके दिवशी बागेत मोजणीचे दगड दिसतात. मग वरातीमागून घोडे नाचवून काय उपयोग?

तेव्हा करायचे काय? पहिली गोष्ट, सातबारा आणि आठ-अ उतारा काढून घरात सर्वांसमोर वाचा. त्यात कोण हयात आहे, कोण नाही, त्यावर खूण करा. दुसरी, वारस नोंद. वारसाने हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवावे असे जमीन महसूल संहिता सांगते. ते राहिले असेल तर आज द्या. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, एवढाच फरक. वारसांत बहिणींची नावे गाळू नका. ती गाळून केलेली नोंद उद्या वादात पडते आणि ते न्यायालाही धरून नाही. तिसरी, सर्व हिस्सेदारांची संमती असेल तर संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो. दिवाणी दाव्यात वर्षे घालविण्यापेक्षा हा मार्ग सोपा. चौथी, ई-पीक पाहणी 2021 पासून आपल्याच हातात आली आहे. मोबाइलवर आपले पीक आपण लावा. कोण कसतो याचा तो पुरावा आहे. आपल्या पणजोबांकडे तो नव्हता, आपल्याकडे आहे.

शासनाकडेही मागणे आहे. शेतकऱ्याने एका नोंदीसाठी पाच फेऱ्या मारायच्या, ही पद्धत बंद झाली पाहिजे. महसूल, भूमी अभिलेख आणि कृषी ही तिन्ही खाती एकाच दिवशी गावात बसली तर वर्षांचे काम आठवड्यात होईल. रामाजी अनंतांना गावोगाव फिरण्याचा हुकूम होता, शेतकऱ्यांनी प्रभावळीला खेटे घालावेत असा नव्हता.

आणि हे शिबिर कधी घ्यायचे तेही सांगतो. चतुर्थीला. एरवी ज्यांच्या सह्या वर्षभर मिळत नाहीत, ते सारे चाकरमानी त्या दिवसांत एका माटवीखाली जमलेले असतात. भजन होते, आरती होते, उसळ-वडे होतात. त्यातली एक दुपार सातबाऱ्यासाठी काढा. कौलाच्या वेळी आपल्या माणसांची नावे राहून गेली, कारण त्यांना कोणी विचारले नाही. आज आपली राहून गेली तर ते आपल्याच आळसाने राहिली असे पुढची पिढी म्हणेल.