गाडी पकडत नाही म्हणजे काम करत नाही?

डोंबिवलीत एखाद्याला नोकरी आहे की नाही, हे अजूनही रेल्वेच्या पासावरून ठरतं. सकाळी सातला डबा घेऊन जो जिन्यावरून धावत उतरतो तो कामाला जातो, आणि जो त्या वेळी गॅलरीत चहा पीत उभा असतो तो ‘घरीच असतो’. यात नवल वाटण्यासारखं काही नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, १ मे १८५४ रोजी ती कल्याणपर्यंत धावू लागली. पुढे या पट्ट्यातली घरंच्या घरं ‘राहायचं इथे आणि कमवायचं तिकडे’ या हिशेबावर उभी राहिली. काम म्हणजे कुठेतरी जाणं, हे आपल्या अंगात मुरलेलं आहे.

म्हणूनच माझ्या एका माजी विद्यार्थिनीचं काम तिच्या शेजाऱ्यांनाच काय, तिच्या आजीलाही पटत नाही. ती कल्याण पूर्वेला राहते आणि ऑनलाइन अभ्यासक्रम चालवणाऱ्या एका कंपनीत कम्युनिटी मॅनेजर आहे. मराठीत समुदाय व्यवस्थापक म्हणता येईल, पण तो शब्द ऐकून लोक तिला बचत गटाबद्दल विचारतात. कंपनीचे हजारो विद्यार्थी ज्या ऑनलाइन समूहात एकत्र येतात, तो समूह सांभाळणं हे तिचं काम. पगार वेळेवर होतो, त्यावर घराचा अर्धा हप्ता जातो. तरीही दुपारी बेल वाजली की दार तिनेच उघडायचं, गॅस सिलेंडर तिनेच घ्यायचा, आणि कुणी पाहुणे आले तर ‘अगं, दोन मिनिटं बस की, मोबाइलच तर बघतेस’ हे तिनेच ऐकायचं.

मला वाटतं, या ‘मोबाइलच तर बघतेस’मध्ये आपण एका खऱ्या कामाला खोटं ठरवतो आहोत. आणि विशेष म्हणजे हे काम बऱ्याच अंशी भाषेचं आहे, म्हणून मराठीच्या शिक्षकाने त्यावर बोलायला हवं.

आधी काम काय ते नीट बघू. सकाळी समूह उघडला की रात्रीत आलेले संदेश वाचायचे. नवीन आलेल्याचं स्वागत करायचं आणि नियम कुठे आहेत ते दाखवायचं. तोच प्रश्न दहाव्यांदा विचारणाऱ्याला पहिल्यांदा विचारल्यासारखं उत्तर द्यायचं. कुणी जाहिरात चिकटवली तर ती काढायची. दोघांचं भांडण लागलं तर कोणत्या क्षणी मध्ये पडायचं आणि कोणत्या क्षणी नुसतं बघायचं, हे ओळखायचं. एखादा माणूस चिडून लिहितो, ‘तुमचा कोर्स बकवास आहे.’ तो खरंच फसवला गेला आहे, की काल त्याचा निकाल वाईट लागला आहे, हे त्या चार शब्दांतून ताडायचं. आठवड्याच्या शेवटी कंपनीला अहवाल द्यायचा: लोक कशावर नाराज आहेत, काय मागत आहेत, किती जण गप्प झाले आहेत. गप्प झालेल्यांची दखल घेणं हे यातलं सर्वांत अवघड काम, कारण बोलणारे दिसतात, निघून गेलेले दिसत नाहीत.

हे काम आपल्याला नवीन आहे असं मात्र म्हणू नका. लोकलच्या डब्यात वर्षानुवर्षं एकत्र प्रवास करणारे गट आठवा. कुणाची जागा कुणासाठी धरायची, दसऱ्याला डबा सजवायला वर्गणी किती काढायची, भजनात टाळ कुणाकडे, आणि चौथ्या सीटवरून पेटलेलं भांडण ठाणे यायच्या आत कसं मिटवायचं, हे सगळं बघणारे एखादे काका किंवा ताई प्रत्येक गटात असतात. त्यांना कुणी नेमलेलं नसतं. पण ते आठ दिवस आले नाहीत तर गटाची घडी विस्कटते. डोंबिवलीची गुढीपाडव्याची स्वागतयात्रा बघा. गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने १९९९ पासून निघते. रस्त्यावर दिसतात त्या लेझीम, ढोल आणि नऊवारी. त्याआधी कोणती संस्था कुणाच्या मागे चालणार आणि रुसलेल्यांना कोण समजावणार, हे कुणीतरी ठरवलेलं असतंच ना? तेच कौशल्य आता पडद्यावर आलं आहे, आणि काही जणांना त्याचे पैसे मिळू लागले आहेत. मला तरी ही चांगलीच गोष्ट वाटते.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप समूहाचे ॲडमिन हेच काम फुकट करतात, हा एक गंमतशीर भाग. पाणी कधी बंद, लिफ्टचा मेकॅनिक कधी येणार, यापासून राजकारणाच्या फॉरवर्डपर्यंत सगळं त्यांच्या डोक्यावर. ‘कुणी काहीही टाकलं तर पोलीस मला धरतील का?’ ही त्यांची कायमची भीती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात याचं उत्तर दिलं आहे. ॲडमिन सदस्याला घेऊ शकतो, काढू शकतो. पण सदस्य काय लिहिणार हे आधी अडवण्याची ताकद त्याच्या हातात नसते. म्हणून त्या सदस्याशी त्याचा समान हेतू किंवा आधी आखलेला बेत नसेल, तर केवळ ॲडमिन आहे एवढ्यावरून दुसऱ्याच्या मजकुराचा गुन्हा त्याच्यावर येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. पगारी व्यवस्थापकाची गोष्ट थोडी वेगळी. त्याला कायदा जबाबदार धरो न धरो, कंपनी धरते. मजकूर काढायला उशीर झाला तर पहिला फोन त्यालाच येतो.

आता भाषेकडे येतो. अकरावीच्या युवकभारतीत उपयोजित मराठीत सूत्रसंचालन, मुद्रितशोधन, अनुवाद हे घटक आहेत. बारावीला मुलाखत आणि अहवाल आहे. मुलं ते मार्कांसाठी पाठ करतात, आणि ‘सर, याचा पुढे काय उपयोग?’ असं विचारतात. उपयोग हाच! समूह सांभाळणारा माणूस दिवसभर सूत्रसंचालनच करत असतो, फक्त त्याच्यासमोर माइक नसतो आणि श्रोते दिसत नाहीत. मराठीत लिहिताना तर आणखी एक पेच असतो, तो इंग्रजीत लिहिणाऱ्याला पडतच नाही. समोरच्याला ‘तू’ म्हणायचं, ‘तुम्ही’ म्हणायचं की ‘आपण’? सतरा वर्षांच्या मुलाला ‘आपण’ म्हटलं तर त्याला बँकेची नोटीस आल्यासारखं वाटतं. त्याच्या वडिलांना ‘तू’ म्हटलं तर समूहच पेटतो. ‘आपला संदेश नियमबाह्य असल्याने काढून टाकण्यात आला आहे’ आणि ‘तुमचा संदेश काढला आहे, कारण त्यात एकाचा फोन नंबर होता, नंबर काढून पुन्हा टाका’ या दोन वाक्यांत काम एकच झालं. पहिल्याने माणूस दुखावला, दुसऱ्याने तो पुन्हा लिहिता झाला. हा फरक कळणं म्हणजे भाषा येणं. आपण मात्र वर्गात अजून ‘आपला आज्ञाधारक’ डावीकडे लिहायचं की उजवीकडे, यावर अर्धा मार्क कापतो.

एवढं कौतुक केल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ‘घरबसल्या नोकरी’ या शब्दांना पालक लवकर भुलतात. त्यांचंही बरोबर आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लटकलेले प्रवासी गाडीतून पडले आणि त्यातले काही जण गेले. त्या सकाळी ठाणे ते कल्याण पट्ट्यातल्या किती घरांतून ‘पोहोचलास का?’ असे फोन गेले असतील. मुलाने किंवा मुलीने त्या गर्दीत रोज जीव घालू नये, असं कुठल्या आईला वाटणार नाही? मार्च २०२० मध्ये लोकल सर्वसामान्यांसाठी बंद झाली, १ फेब्रुवारी २०२१ ला ठरावीक वेळांत सगळ्यांना खुली झाली. मधल्या महिन्यांत अनेकांनी पाहिलं की काही कामं घरून होतात. नर्सचं होत नाही, मोटरमनचं होत नाही. समूह सांभाळणाऱ्याचं होतं.

पण गाडीची वेळ संपली की कामाची वेळही संपत नाही, हा यातला खरा फटका. ऑफिसमधून निघालेला माणूस सहा-दहाची पकडून मोकळा होतो. समूह कधी झोपत नाही. त्यातून ग्राहक अमेरिकेतले असतील तर बघायलाच नको. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा होतात. तिथली ऑफिसची वेळ संपेपर्यंत इथे रात्रीचे अडीच. वन बीएचकेमध्ये तीन पिढ्या झोपलेल्या असताना स्वयंपाकघराच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून दबक्या आवाजात मीटिंग करणारी मुलं मला माहीत आहेत. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ आठवड्याला ४८ तासांची मर्यादा सांगतो. ती घरातल्या ओट्यापर्यंत पोहोचवणार कोण? कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क असावा, असं खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या अखेरीस लोकसभेत मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही.

दुसरा फटका मनाला बसतो. समूहात येणारी घाण, शिव्या, धमक्या, कधी भयंकर चित्रं, कुणीतरी आधी बघतं म्हणून बाकीच्यांना दिसत नाहीत. फेसबुकसाठी असा मजकूर तपासणाऱ्या अमेरिकेतल्या कामगारांनी मनावर झालेल्या परिणामांसाठी दावा लावला, तेव्हा २०२० मध्ये कंपनीने ५ कोटी २० लाख डॉलर देऊन तडजोड केली. समुदाय व्यवस्थापकाचं काम त्या मानाने सौम्य असतं हे खरं. तरी रात्री एकला कुणीतरी समूहात ‘मला जगायचं नाही’ असं लिहितं, तेव्हा बावीस वर्षांच्या मुलीने एकटीने काय करायचं, याचं प्रशिक्षण द्यायला हवं. ऑफिसात निदान शेजारच्या टेबलावर कुणी असतं.

माझं मत विचाराल तर हे काम जरूर करावं. मात्र ते नोकरीसारखं करावं, घरच्यांवर आणि कंपनीवर उपकार म्हणून नाही. कामाचे तास, रजा आणि रात्रपाळीचे पैसे लेखी घ्या. ‘फ्रीलान्सर’ म्हणून कागदावर घेतात आणि कर्मचाऱ्यासारखं राबवतात, अशा ठिकाणी भविष्य निर्वाह निधी कापला जात नाही, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. घरच्यांनी एवढंच करावं: दाराची बेल कामावर नसलेल्या माणसाने उघडावी. मुलगा घरून काम करत असला की ‘शू, त्याची मीटिंग आहे’ म्हणतात आणि मुलगी करत असली की तिच्या हातात कोथिंबीर देतात, हा प्रकार मी एकाच घरात पाहिला आहे.

आणि एक सावधगिरी. ‘व्हिडिओ लाइक करा, रोज दोन हजार कमवा, आधी नोंदणी शुल्क भरा’ हे काम नव्हे, ही फसवणूक आहे. सुरुवातीला दोन-चारशे रुपये परतही मिळतात, मग मोठी रक्कम मागतात. खरी नोकरी देणारा तुमच्याकडून पैसे घेत नाही. पैसे गेलेच असतील तर लाज बाळगत बसू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. जितक्या लवकर, तितकी रक्कम अडकवण्याची शक्यता जास्त.

आता विद्यार्थ्यांसाठी या आठवड्याचं उपयोजित लेखन. प्रसंग असा: बारावीच्या मुलांच्या एका समूहाचे तुम्ही व्यवस्थापक आहात. रात्री साडेअकराला कुणीतरी ‘उद्याचा पेपर पुढे ढकलला’ असा संदेश टाकला आहे, खाली नव्वद जणांनी आनंदाचे बदाम दिले आहेत, आणि मंडळाची तशी कुठलीही सूचना नाही. समूहात मुलं आहेत, त्यांचे पालकही आहेत. संदेश टाकणारा मुलगा तुमच्याच वर्गातला आहे. सगळ्यांना उद्देशून एक संदेश लिहा आणि त्या मुलाला खासगीत दुसरा. दोन्ही मिळून साठ शब्दांत. तू, तुम्ही की आपण, हे आधी ठरवा.